पहिला इंच

अगं नाही, चप्पल काढून. अर्धा-पाऊण इंच टाच आहे तिला, ती उंचीत धरली जाते — तिथं कोपऱ्यात सरकव. हं. आता चढ या ठोकळ्यावर. डुगडुगतो जरा, पण पाडत नाही कुणाला. अठरा वर्षं मी उभी राहिलेय त्याच्यावर. सरळ उभी राहा. खिडकीकडं बघ, माझ्याकडं नको. खाली ऑफिसात सांगितलं का तुला, काम काय ते? — नुसतं उभं राहायचं म्हणाले? म्हणणारच, त्यांना काय! हे बघ, कारखान्यात नवा कपडा निघाला — शर्ट म्हण, कोट म्हण, झगा म्हण — की आधी एकच नग शिवतात. मधल्या मापाचा, मिडियम. तो तुझ्या अंगावर चढवायचा. मग काखेत ओढतंय का, पाठीला चुणी पडतेय का, बसल्यावर वर सरकतो का, ते बघणार, टाचण्या लावणार, खडूनं रेघा मारणार, आणि तू हलायचं नाही. तुझ्या अंगावर तो नीट बसला की त्यावरून पुठ्ठ्याचे नमुने कापायचे, आणि त्या पुठ्ठ्यांवरून मग हजारो नग. लहान माप म्हणजे तुझ्यातून थोडं वजा, मोठं माप म्हणजे तुझ्यात थोडं अधिक. मूळ तू. कळलं? पाच महिन्यांपूर्वीपर्यंत मूळ मी होते. मला इथं सगळे मिडियमच म्हणतात. मशिनीवरच्या बायका, गेटवरचा वॉचमन, सगळे. 'मिडियम आली का?' 'मिडियमला वर पाठवा.' नावानं हाक मारणारी एकटी आई होती — ते असो. हात बाजूला घे, पाखरासारखे. अस्सं.

मी चोवीसची होते तेव्हा. छत्तीस, तीस, अडतीस. तुझी आहेत तीच. सूतभर इकडचं तिकडं नाही. आणि गंमत सांगू? रस्त्यानं जाताना पुढं चालणाऱ्या बाईच्या पाठीवर आपला कोट ओळखू यायचा मला. वाटायचं, हिच्या खांद्याला तो बसलाय, कारण माझ्या खांद्याला बसला होता. तिला काय पत्ता! ती आपली भाजीची पिशवी घेऊन चाललेली. पण मला आपलं वाटायचं, ओळखीची आहे. शहरभर माझ्या ओळखीच्या बायका — एकीलाही मी माहीत नाही. हसतेस काय? हस हस, पण हलू नकोस.

वजन सांभाळायचं पहिल्या दिवसापासून होतंच. ते काही कुणी शिकवायला नको मला. सकाळी पाचला उठून चाळीस मिनिटं व्यायाम — जमिनीवर चादर घालून, खुर्ची धरून, सगळं. संध्याकाळी पाच किलोमीटर चालणं. पाऊस असो, ताप असो. खाणं काट्यावर तोलून. स्वयंपाकघरात छोटा काटा आहे माझ्याकडं, सोनाराकडं असतो तसा. उकडलेली भाजी दीडशे ग्रॅम, एक अंडं, वाटीभर दही, अर्धं सफरचंद. अर्धंच. पूर्वी उरलेलं अर्धं आई खायची. आता ते तसंच राहतं ताटलीत, दुपारपर्यंत काळं पडतं. संपूर्ण सफरचंद विकत घ्यावं लागतं ना, दुकानदार अर्धं देतो थोडाच! — तर सांगत काय होते, एवढं सगळं करून तीन वर्षांत सात किलो वाढलं. सात! एकदम नाही गं. महिन्याला दोनशे ग्रॅम, अडीचशे ग्रॅम, चोरपावलांनी. मी खाणं कमी केलं, ते वाढलं. चालणं सहा किलोमीटर केलं, ते वाढलं. भाऊ फोनवर म्हणतो, 'एकटीला सुख मानवलं दिसतंय तुला.' मशिनीवरची एक म्हणाली, 'चोरून खात असशील.' कुणापासून चोरून? घरात दुसरं आहे कोण? लोकांना हवा खाल्ली तरी अंगी लागते, तसं माझं झालं. डॉक्टर केले, रक्त तपासलं, थायरॉइड का काय तेही. सगळं उत्तम. कागदावर अगदी ठणठणीत. वय झालं म्हणाले. बेचाळीस हे काय वय झालं?

थांब, चष्मा कुठं ठेवला मी — पर्समध्येच — अगं असू दे, असू दे, मी उचलते! तू खाली उतरू नकोस. काही नाही, गोळ्यांचं पाकीट आहे. डोकेदुखीच्या. या खोलीत कापडाची धूळ असते ना, डोकं धरतं. हं, सापडला. आता खांदा.

माझी मापं मास्तर घ्यायचे. कटिंगमास्तर. आता ते नाहीत — म्हणजे आहेत, देवानं त्यांना उदंड आयुष्य द्यावं, इथं नाहीत. एकोणतीस वर्षं होते. हे टेबल आहे ना, याच्या कडेला पितळेची पट्टी ठोकलीय, इंच कोरलेली, ती त्यांनी बसवलेली. दर सोमवारी सकाळी नऊ वाजता मला ठोकळ्यावर उभं करून मापं घ्यायची आणि वहीत लिहायची, असा नियमच. कारण मूळ हललं की सगळं हललं. बोलायचे कमी. 'हात.' 'वळ.' 'हं.' संपलं. पण हात असे हलके, की टेप फिरल्याचं कळायचं नाही. टेप गळ्यातून काढायच्या आधी तळवे एकमेकांवर घासायचे — थंडीत गार लागू नयेत म्हणून. माझ्यासाठी एवढं — आई गेल्यावर तर आठवड्यातून तेवढाच एकदा कुणाचा हात — शी, काय बोलतेय मी! भलतं काही समजू नकोस हं. बापाच्या वयाचा माणूस. इथं कुजबुजल्या बायका, कुजबुजू देत. तसलं काही नव्हतं. नुसतं कुणीतरी नीट बघत होतं माझ्याकडं, एवढंच. वळ. पाठ माझ्याकडं कर. पाठ केलीस की मला बोलायला बरं पडतं.

तर कोडं असं, की घरचा वजनकाटा म्हणतोय वाढलं, आणि मास्तरांची टेप म्हणतेय तेवढंच. कंबर तीस. दर सोमवारी तीस. मला काय वाटावं? मला वाटलं, व्यायामाचं चीज होतंय. अंग घट्ट होतं म्हणतात ना, चरबीचं स्नायू होतं, स्नायू जड असतो — मशिनीवरच्या बायकांना मी हे समजावून सांगायची, दहादा! घरचे कपडे काचायला लागले तर म्हणायची, धुऊन आटले. कपड्याच्या कारखान्यात अठरा वर्षं काढलेली बाई मी, मला कळत नाही कुठलं कापड आटतं न् कुठलं नाही? पण माणसाला जे हवं ते पटतं. मास्तर बोलले 'तीस', की माझा सगळा आठवडा चांगला जायचा.

मग एक दिवस मास्तर डोळे तपासायला गेले होते. इथं या खोलीत मी एकटी. घरी पडदा करायचा होता, उरलेल्या तुकड्याचा. म्हटलं, लांबी बघू. खुंटीवर त्यांची टेप होती, ती घेतली. या पितळी पट्टीवर सहज ठेवली — आणि बघते तर टेपेचा दहावा आकडा पट्टीच्या साडेअकराव्यावर. पुन्हा ठेवली. तेच. मग टोकापासून एकेक इंच लावत गेले. बाकी सगळे बरोबर होते गं. फक्त पहिला इंच अडीच इंचांचा होता. टोकाच्या पत्र्याच्या आत दीड इंचाचा तुकडा जोडलेला, दुसऱ्या टेपेचा, त्यावरचे आकडे खरवडून काढलेले. शिवण अशी बारीक की नखाला लागेल, डोळ्यांना दिसणार नाही. आणि एका जोडाशेजारी अजून दोन जुन्या जोडांच्या खुणा. म्हणजे आधी अर्धा लावला असणार, मग एक, मग दीड. माझ्याबरोबर तेही वाढवत गेले होते. टोक कायम त्यांच्या मुठीत असायचं, मला कसं दिसणार!

काय केलं म्हणजे? टेप होती तशी खुंटीवर लावली. पडदा अंदाजानं कापला, तोकडा झाला, अजून तसाच आहे.

बोलायला हवं होतं. कळतंय मला. सांगायला हवं होतं, 'मास्तर, हे काय?' पण बोलले असते तर टेप खरी करावी लागली असती, आणि खरी टेप झाली की मी — मग मी कोण? मिडियमच नाही तर मला इथं यायचं कारण काय? म्हणून गप्प बसले. आठ महिने. ते म्हणायचे 'तीस', मी म्हणायची 'बरं'.

पण कापड गप्प बसत नाही. नवा नग माझ्या अंगावर ओढायचा, मग मास्तर सैल करायचे. त्यावरून पुठ्ठे कापायचे, तेही सैल. शहरभरचा मिडियम माझ्याबरोबर जाडा होत चालला. दुकानांतून माल परत यायला लागला — खांद्यावरून घसरतो, कमरेत ढगळ, बाईला वाटतं दुसऱ्या कुणाचा घातलाय. गठ्ठेच्या गठ्ठे. शेवटी मालक वर आले. बरोबर बाहेरची एक बाई, मालाची तपासणी करणारी. तिची स्वतःची टेप, कोरी करकरीत. दुपारचे तीन वाजलेले. मशिनी बंद करायला लावल्या. ते सगळ्यात वाईट — तो आवाज थांबला ते. मला तिथं बाहेर, मशिनींच्या मधोमध, सगळ्यांसमोर उभं केलं, याच ठोकळ्यावर. तिनं टेप फिरवली आणि मोठ्यांदा वाचलं, 'साडेएकतीस.' कुणीतरी हसलं. मग तिनं मास्तरांची टेप मागितली. त्यांनी गळ्यातून काढून दिली. मालकांनी जोड बघितला, दोनदा बोट फिरवलं, आणि माझ्याकडं वळून विचारलं, 'तुला माहीत होतं?'

मी म्हटलं, 'नाही.'

एवढंच. एक शब्द. मास्तरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हातातल्या खडूकडं बघत होते. मग खडू टेबलावर ठेवला, आपली कात्री फडक्यात गुंडाळली — ती त्यांची स्वतःची होती — आणि जिना उतरून गेले. मशिनी सुरू व्हायच्या आधी गेले, म्हणून पायऱ्या मोजता आल्या मला. बावीस. आणि मला ठेवलं. बघ की! मला दया दाखवली. मापं घ्यायचं काम दिलं, वही दिली, ही नवी टेप दिली. ज्याला कळलं नाही त्याचा काय दोष, म्हणाले.

उभी राहून पाय दुखतात का? जरा भार बदल. — आणि ती गोळी, मघाशी पडली ती, डोकेदुखीची नाहीये. तू ओळखलंस, तुझ्या तोंडावरून कळलं मला. तुमच्याकडं कुणी घेतं का? — राहू दे, नको सांगूस. आई गेल्यावर मी तीन आठवडे पलंगावरून उठले नाही. रडत होते असं नाही. काहीच होत नव्हतं. शेजारणीनं उचलून नेलं डॉक्टरीणबाईंकडं — मनाच्या डॉक्टरीण असतात ना, त्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, या गोळीनं वजन वाढेल, कितीही पथ्य केलं तरी थोडं वाढेलच. म्हणजे मला कोडं वगैरे काही नव्हतं. सगळं ठाऊक होतं. इथं आपलं म्हणायची मी, वय झालं, हवा अंगी लागते. एकदा बंद केली मी, त्यांना विचारून, हळूहळू. दोन किलो उतरलेसुद्धा! आणि मग एका सकाळी दात घासायला उभी राहिले, ब्रश हातात, नळ सुरू — आणि पुढं काय करायचं तेच सुचेना. पेस्ट लावायची, एवढं सोपं. पाणी वाहत होतं. शेजारीण पाणी का वाहतंय म्हणून दार वाजवायला आली, तेव्हा दहा वाजले होते. मी पाचपासून तिथं. तेव्हा पुन्हा सुरू केली. कंबर हवी का सकाळ हवी, असं होतं ते. मी सकाळ घेतली. कुणाला सांगणार हे? मास्तरांनासुद्धा सांगितलं नाही. त्यांनी टेपेचं मला सांगितलं नाही, मी गोळीचं त्यांना सांगितलं नाही, आणि दर सोमवारी एकमेकांसमोर उभे. वेडे लोक!

मास्तर इथून गेल्यावर पाच महिने मी संध्याकाळी चालायला त्यांच्या घरावरून जायची. मुद्दाम नाही — बरं, मुद्दामच. दुसऱ्या मजल्यावर गॅलरी आहे, तिथं मशीन लावून बसलेले असायचे. लोकांच्या कपड्यांचं कमी-जास्त करून देतात. मी खालून जायची, वर बघायची नाही. परत येताना बघायची. गेल्या रविवारी मात्र जिना चढले. सुनेनं दार उघडलं. मी काही म्हणायच्या आत ते आतून बोलले, 'येऊ दे तिला.'

बसले. पाणी दिलं सुनेनं. म्हटलं, आता बोलले नाही तर कधीच नाही. म्हटलं, 'मास्तर, मला माहीत होतं.' सुई ओवत होते, ओवून झाल्यावर म्हणाले, 'मलाही माहीत होतं.' म्हटलं, 'काय?' तर म्हणाले, 'तुला माहीत आहे ते. आधी टेप फिरवली की तू पोट आत ओढायचीस. एका सोमवारपासून ओढायची थांबलीस. तेव्हाच समजलो, हिनं टेप बघितली.'

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. म्हटलं, 'मग मालकांसमोर बोलला का नाहीत?' म्हणाले, 'दोघांची गेली असती. एकाची पुरे.' आणि 'केलंत तरी कशाला असलं?' म्हटलं, तर आधी दोऱ्याला गाठ मारली. मग म्हणाले, 'आई गेल्यावर तू कामावर आलीस, आठवतंय? माप घेताना तुझे हात वर राहत नव्हते. पडत होते खाली. मी म्हटलं, हिला इथूनही काढलं तर ही जाईल कुठं?'

मला गोळीचं सांगायचं होतं. खरंच. तोंडापर्यंत आलं होतं. पण सून दारात उभी होती, हाताची घडी घालून, आणि मास्तर उठले. दारापर्यंत आले माझ्याबरोबर. हळू आवाजात म्हणाले, 'आता येऊ नकोस. घरात बोलतात. आणि रोज खालून जातेस, ते दिसतं सगळ्यांना. दुसरा रस्ता धर.' रागानं नाही गं म्हणाले. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, 'बरं, मास्तर.'

धरला दुसरा. गोदामांच्या मागून जातो तो. चढ आहे तिकडं, माणूस नाही काणूस नाही, नुसती बंद शटरं. चढ चांगला म्हणतात वजनाला. तरी गेल्या आठवड्यात चारशे ग्रॅम वाढलंच.

झालं तुझं. उतर. छत्तीस, तीस, अडतीस, चोख. सोमवारपासून ये. तोंड का उतरलं? तुझं काही होणार नाही माझ्यासारखं, तू लहान आहेस, तुझी माणसं असतील. आणि हे मी बोलले ते — खाली कुणाला — नाही ना बोलणार? मला वाटलंच. आजवर नव्हते बोलले कुणाशी, तू पाठ करून उभी होतीस, बोलत गेले.

एक वाजता सुट्टी होते. त्या खिडकीपाशी बसते मी डबा खायला, तिथं उजेड छान येतो. दोघींना पुरेल एवढी जागा आहे. आज थांबलीस तर — अं? मैत्रीण आलीय बरोबर? खाली थांबलीय? — हो का. मग जा, जा. बिचारी ताटकळत असेल. चप्पल तिकडं आहे, कोपऱ्यात. नाही, दार लोटू नकोस, उघडंच असू दे.